निष्कास नळीसंच

निष्कास नळीसंच किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा अंतर्ज्वलन एंजिनाचा एक भाग आहे. निरनिराळ्या सिलिंडरांतून बाहेर पडणारे जळालेले वायू एकत्र करून ते पुढील निष्कास नळीत सोडण्याचे कार्य तो करतो. त्याच्या शाखांची लांबी, व्यास व जोडणी यांवर सिलिंडरात किती जळालेला वायू मागे उरतो हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यामुळे एंजिनाची शक्ती, टॉर्क आणि इंधनाचा वापर यांवर या रचनेचा परिणाम होतो.

कार्यतत्त्व

निष्कास झडप उघडताच नळीत दाबाचा तरंग निर्माण होतो. शाखा जेथे एकत्र येतात तेथे तो पोहोचला की कमी दाबाचा तरंग झडपेकडे परततो. निष्कास व अंतर्ग्रहण या दोन्ही झडपा काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात. त्या क्षणी झडपेपाशी कमी दाब असल्यास उरलेला वायू ओढला जातो व ताजे मिश्रण अधिक भरते. या क्रियेस संमार्जन किंवा स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

उष्ण वायूत तरंगाचा वेग सेकंदाला ५५० मीटर धरल्यास ०.८ मीटर लांबीच्या शाखेतून जाऊन परतण्यास त्याला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीस सुमारे १०५ अंश, तर ३,००० फेऱ्यांच्या गतीस केवळ ५२ अंश फिरतो. म्हणून कोणतीही एक लांबी सर्व गतींना अनुकूल ठरत नाही. सामान्यतः लांब व अरुंद शाखा कमी गतीस, तर आखूड व रुंद शाखा अधिक गतीस उपयुक्त असतात.

शाखांची जोडणी

चार सिलिंडरांच्या एंजिनात प्रज्वलनाचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. आखूड नळीसंचात तिसऱ्या सिलिंडरचा दाबतरंग पहिल्या सिलिंडरची झडप मिटण्यापूर्वीच तेथे पोहोचून जळालेला वायू परत आत ढकलू शकतो. हे टाळण्यासाठी ४-२-१ रचनेत १ व ४ आणि २ व ३ या शाखा प्रथम जोडतात, कारण या जोड्यांतील प्रज्वलनांत ३६० अंशांचे अंतर असते. माझदा कंपनीच्या स्कायॲक्टिव्ह-जी एंजिनात अशी लांब रचना वापरली आहे. उष्ण अवशिष्ट वायू कमी झाल्याने खटखट म्हणजे नॉकिंगचा धोका घटतो. १४:१ इतके उच्च संपीडन गुणोत्तर शक्य होण्यामागील हे एक कारण आहे.

मर्यादा

लांब शाखांत वायू थंड होतो. त्यामुळे थंड एंजिन सुरू केल्यावर उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तापण्यास विलंब होतो आणि तोवर प्रदूषण अधिक होते. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनातही वायूची ऊर्जा टिकवण्यासाठी शाखा सहसा आखूड ठेवतात. बिडाचा ओतीव नळीसंच स्वस्त व टिकाऊ, परंतु जड असतो. पोलादी नळ्यांचा संच हलका असतो व त्यात शाखांची लांबी समान राखणे सोपे जाते. त्यामुळे प्रत्यक्ष रचना ही शक्ती, प्रदूषण, जागा व खर्च यांतील तडजोड असते.