गुलबकावलीची बाग

अद्भुत कथा कोणत्याही भाषेतील घ्या, तीत एखादी बाग बहुधा असतेच. अल्लाउद्दीन भुयारातून ज्या बागेत उतरतो तेथे झाडांना रत्ने लगडलेली असतात, आणि त्या पोराला ती रंगीत काच वाटते. शद्दाद बादशहाची गोष्ट आमच्या लोकांत घरोघर सांगतात. त्याने पृथ्वीवर स्वर्ग करावा म्हणून बाग लावली, आणि तीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचा प्राण गेला. ‘तिलिस्मे होशरुबा’ या उर्दू दास्तानीत बहार नावाची जादूगारीण आहे. तिने फुलांचा गुच्छ फेकला की रणांगणात वसंत फुलतो आणि समोरची फौज भान हरपून तिच्या मागे लागते. असल्या बागा म्हणजे नुसता कल्पनेचा विलास, असे म्हणून पाने उलटणारे वाचक पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र ती कथेतील परीक्षेची जागा वाटते. आत कोण शिरला, त्याने काय उचलले आणि कोणाला विचारून, हे तेथे पाहिले जाते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे गुलबकावली. ही कथा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इज्जतुल्ला बंगाली याने फारसीत लिहिली. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी निहालचंद लाहोरी याने 1803 च्या सुमारास ती उर्दू गद्यात आणली, आणि 1838 साली लखनौच्या पंडित दयाशंकर नसीम या काश्मिरी ब्राह्मणाने तिच्यावर ‘गुलजारे नसीम’ हे काव्य रचले. मराठीतही तिच्या स्वस्त पोथ्या निघाल्या. 1955 साली तमिळमध्ये आणि 1962 साली तेलुगूमध्ये तिच्यावर बोलपट झाले, तेव्हा हैदराबादकडील वाचकांस नाव तरी नवे नसावे. शाळांनी हिला फारसे जवळ केले नाही. बाजारू म्हणून बाहेर ठेवले. ते आम्हांस पटत नाही.

कथा अशी. जैनुल्मुलूक राजाला ज्योतिषी सांगतात की धाकट्या मुलाचे तोंड पाहाल तर दृष्टी जाईल. एके दिवशी शिकारीत राजाची त्या ताजुल्मुलूकवर नजर पडते आणि तो आंधळा होतो. उपाय एकच, बकावली परीच्या बागेतील फूल. थोरले चौघे राजपुत्र फूल आणण्यास निघतात आणि वाटेत दिलबर नावाच्या गणिकेकडे जुगारात सर्वस्व हरून बसतात. तिची युक्ती गमतीची आहे. मांजराच्या डोक्यावर दिवा, आणि त्याच्या सावलीत फासे उलटवणारा उंदीर! धाकटा मुंगूस घेऊन जातो आणि डाव जिंकतो. पुढे एका राक्षसिणीच्या कृपेने उंदरांकडून भुयार खोदवून तो थेट बागेत निघतो, हौदातले फूल खुडतो, आणि निजलेली बकावली पाहून तिच्या बोटातील अंगठी काढून आपली तिच्या बोटात घालतो.

येथे आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, “गुरुजी, ही चोरीच ना?” बापाच्या डोळ्यांसाठी नेले म्हणून काय झाले, मालकीण निजलेली असता नेलेच ना? प्रश्न रास्त होता, आणि आमच्या मते सारी कथा त्याच प्रश्नावर उभी आहे. फूल खरोखरच गुण देते. राजाला दिसू लागते. पण ते वाटेत थोरल्या भावांनी हिसकावून घेतलेले असते आणि मान त्यांना मिळतो. इकडे बकावली जागी होते, हौद रिकामा पाहते, बोटातील परकी अंगठी पाहते, आणि पुरुषवेष घेऊन चोराच्या शोधात त्याच राजाच्या दरबारी चाकरीस राहते. अंगठी मागे ठेवणे हे नुसते प्रेमिकाचे लाघव नव्हे. ती पावती आहे. घेणाऱ्याने आपला ठावठिकाणा ठेवला आहे. भावांनी मात्र काहीच मागे ठेवले नाही, आणि शेवटी उघडे पडतात तेही तेच.

हाच पेच इंग्रज लेखक सी. एस. लुईस याने 1955 च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या मुलांच्या पुस्तकात घातला आहे. डिगरी या मुलाला डोंगरावरील बागेतून एक सफरचंद आणण्यास धाडलेले असते. घरी त्याची आई मरणपंथास लागलेली असते, आणि एक चेटकीण त्याला म्हणते, परत कशाला जातोस, हे फळ आईलाच नेऊन दे. तो मोह आवरतो, फळ ज्याने मागितले त्याला देतो, आणि मग त्या फळापासून उगवलेल्या झाडाचे फळ त्याला आईसाठी मिळते. लुईसची स्वतःची आई 1908 साली, तो नऊ वर्षांचा असता, कर्करोगाने गेली होती. हे ठाऊक असले की हे प्रकरण वाचताना गळा दाटतो. लुईस म्हणतो, चोरलेल्या औषधाने गुण येईल पण सुख येणार नाही. आमचा दास्तानवाला इतका कडक नाही. तो औषध नेऊ देतो, आणि हिशेब पुढे मांडतो.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. नर्मदेच्या उगमापाशी, अमरकंटक येथे, गुलबकावली नावाचे फूल दाखवतात आणि त्याचा अर्क डोळ्यांसाठी विकतात. हे फूल आपल्या ओळखीचा सोनटक्काच: आल्याच्या कुळातील, ओलाव्याच्या जागी वाढणारा, पांढरा आणि सुवासिक. नर्मदेशी लग्न लावण्यासाठी शोणाने हेच फूल आणल्याची लोककथाही तिकडे आहे. कथा गोड आहे; परंतु अर्काने मोतीबिंदू उतरत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. घरातील वडीलधाऱ्यांना अर्काच्या भरवशावर ठेवू नये.

आता तो हिशेब. बकावली ताजुल्मुलूकला वरते, पण रोज रात्री इंद्राच्या सभेत नाचायला तिला जावेच लागते. (मुसलमान लेखकाच्या फारसी कथेत इंद्रसभा कशी, असे विचारणाऱ्यास आम्ही एवढेच म्हणू की सांगणाऱ्यांना तसा प्रश्न पडला नाही.) मनुष्याशी संग केल्याबद्दल इंद्र शाप देतो आणि तिचे अर्धे अंग पाषाण होते. ज्याने निजलेलीच्या बागेतून फूल नेले, तो आता रात्री देवळात त्या शिळेपाशी येऊन बसतो. एक राजकन्या मत्सराने ते देऊळही पाडवते. त्या जागेवर एक शेतकरी मोहरी पेरतो. तिचे पीक त्याच्या बायकोच्या पोटात जाते आणि तिला मुलगी होते, तीच बकावली. हौद नाही, पहारे नाहीत, परी नाही. एक मोहरीचे शेत आणि शेतकऱ्याच्या अंगणात रांगणारे मूल. ताजुल्मुलूक आता भुयार खोदत नाही. ती मोठी होईपर्यंत थांबतो, आणि मग शेतकऱ्याच्या दारी जाऊन तिला मागणी घालतो.