नीलारोध, जीर्ण : स्टेंट चिकित्सा

पाय व श्रोणी (कटीच्या हाडांनी वेढलेला भाग) यांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीला दीर्घकाळ अरुंद किंवा बंद राहिल्यास त्या आतून रुंद करून तेथे धातूच्या जाळीची नळी कायम बसविण्याच्या उपचारास ‘नीला स्टेंट चिकित्सा’ म्हणतात. उजव्या व डाव्या श्रोणिनीला पाचव्या कटिकशेरुकेजवळ (कमरेच्या मणक्याजवळ) एकत्र येऊन अधोमहानीला बनते. मुख्यतः याच नीलांसाठी ही चिकित्सा योजली जाते.

कारणे : नीलेत रक्तक्लथ (रक्ताची गुठळी) होऊन तो पूर्णपणे विरघळला नाही, तर त्याचे तंतुमय ऊतकात रूपांतर होते व नीलेची पोकळी आक्रसते. दुसरे कारण बाहेरील दाबाचे होय. डावी श्रोणिनीला उजव्या श्रोणिरोहिणीच्या मागून जाते व रोहिणी आणि कणा यांमध्ये दाबली जाते. मे व थर्नर यांनी १९५७ मध्ये ४३० शवांच्या तपासणीत सु. २२% शवांमध्ये या ठिकाणी नीलेच्या आतील बाजूस तंतुमय पडदे आढळल्याचे नोंदविले. अर्बुदाचा (गाठीचा) दाब व जन्मजात दोष ही इतर कारणे आहेत.

लक्षणे : उभ्या माणसाच्या घोट्याजवळील नीलेतील दाब पाऱ्याच्या सु. ९० मिमी. इतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात व हा दाब बराच उतरतो. वरचा मार्ग बंद असल्यास तो पुरेसा उतरत नाही. त्यामुळे पाय सुजतो व जड होतो, चालताना मांडीत फुटल्यासारख्या वेदना होतात, घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि पुढे न भरणारे व्रण होतात. रक्त पर्यायी मार्गाने जाऊ लागल्याने पोटावरील नीला फुगलेल्या दिसतात.

निदान व उपचार : श्राव्यातीत ध्वनी तपासणी आणि संगणकीय छेददर्शन यांनी रोधाची जागा कळते. नीलेच्या आत सोडलेल्या श्राव्यातीत शोधकाने रोधाची लांबी व नीलेचा व्यास अचूक मोजता येतो. मांडीतील किंवा मानेतील नीलेतून बारीक तार रोधापलीकडे नेतात, फुग्याने मार्ग रुंद करतात व स्टेंट बसवितात. श्रोणिनीलेसाठी त्याचा व्यास सु. १४ ते १६ मिमी. असतो, हृद्‌रोहिणीतील स्टेंटापेक्षा तो कितीतरी मोठा असतो. रोहिणीच्या दाबाखाली चेपू नये इतका तो बळकट आणि श्रोणीच्या वळणावर वाकेल इतका लवचिक असावा लागतो. १९९० नंतर ही चिकित्सा प्रचारात आली. आरंभी इतर कामांसाठी बनविलेले स्टेंट वापरीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खास श्रोणिनीलांसाठी बनविलेल्या स्टेंटांना २०१९ मध्ये मान्यता दिली.

मर्यादा : केवळ दाबामुळे झालेल्या रोधात स्टेंट बहुधा दीर्घकाळ खुला राहतो. जुन्या क्लथामुळे झालेल्या रोधात यश तुलनेने कमी असते; कारण मांडीतून वर येणारा रक्तप्रवाह क्षीण असल्यास स्टेंटमध्येच पुन्हा क्लथ होतो. म्हणून नंतर काही महिने, क्वचित आजन्म, क्लथनरोधक औषधे घ्यावी लागतात. आखूड किंवा कमी व्यासाचा स्टेंट सरकून हृदयापर्यंत पोहोचल्याची उदाहरणेही आहेत.

श्रोणिनीला दाबली गेलेली असणे हा स्वतः रोग नव्हे. कोणताही त्रास नसलेल्या अनेक निरोगी व्यक्तींतही ती अरुंद दिसते. रुग्ण पुष्कळदा तरुण असतो आणि एकदा बसविलेला स्टेंट सहसा काढता येत नाही. यास्तव केवळ चित्रातील आकुंचनावरून स्टेंट बसविणे योग्य ठरत नाही. दाबपट्ट्या किंवा दाबमोजे, नियमित चालणे व औषधे यांनी न हटणारी तीव्र लक्षणे आणि सिद्ध झालेला रोध या दोन्ही गोष्टी असतील, तेथेच ही चिकित्सा इष्ट ठरते. योग्य रुग्णात सूज व वेदना कमी होतात आणि वर्षानुवर्षे वाहणारे व्रणही भरून येऊ शकतात.