फुलर्टनचा शिक्का, ॲम्पेगची पेटी

जुन्या फेंडर बेसची जन्मतारीख बाहेरून दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्याने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणि १९६० मध्ये जॅझ बेस बाजारात आणला. दोन्हींचा नेक बॉडीला बहुधा चार स्क्रूंनी जोडलेला असतो. ते सोडवले की नेकच्या टोकावर, बॉडीत दडलेल्या भागावर, तारीख सापडते. सुरुवातीच्या वर्षांत ती बहुधा पेन्सिलीने लिहिलेली असे. १९६२ पासून रबरी शिक्का आला.

घोटाळा या शिक्क्यानेच केला. ‘७ मार्च ६६ ए’ असे दिसले की विकणारा छाती फुगवून सांगतो, हा बेस ७ मार्च १९६६ चा. शिक्क्यातला पहिला आकडा दिवसाचा नसून मॉडेलचा आहे: ७ म्हणजे जॅझ बेस, ५ म्हणजे प्रिसिजन. तो दिवस मानला, तर फुलर्टनमध्ये जॅझ बेस फक्त दर महिन्याच्या सात तारखेला आणि प्रिसिजन पाच तारखेलाच तयार होत, असे मानावे लागेल! शेवटचे अक्षर नटपाशी नेकची रुंदी सांगते. ‘ए’ म्हणजे दीड इंच, जॅझ बेसची नेहमीची सडपातळ मान. ‘सी’ म्हणजे पावणेदोन इंच, प्रिसिजनची. उरतात महिना आणि वर्ष. तेही नेक तयार झाल्याचे, वाद्य जोडून पुरे झाल्याचे नव्हे.

अनुक्रमांकावर तर आणखी कमी विसंबावे. १९७६ पर्यंत तो धातूच्या पट्टीवर असे आणि कामगार त्या पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा लावत. त्यामुळे मोठा क्रमांक असलेला बेस लहान क्रमांकाच्या बेसपेक्षा जुना निघू शकतो.

खरी उलटतपासणी होते ती व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या पोटेंशिओमीटरच्या, पाठीवर. तिथल्या कोडचे पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात: १३७ म्हणजे इंडियानातली सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. ‘३०४६६१२’ म्हणजे स्टॅकपोलचा, १९६६ च्या बाराव्या आठवड्यातला पॉट. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी घेतल्यानंतर १९६६ मध्ये पॉटची प्रचंड खरेदी झाली आणि तो साठा पुढची काही वर्षे पुरला. म्हणून १९६८-६९ च्या वाद्यांतही ६६ चे पॉट निघतात. पॉट सांगतो एवढेच की बेस याच्या आधीचा नाही. तेही डाख मूळचा असेल तर. जुना डाख मंद आणि करडा दिसतो. तो लखलखीत असेल, तर कोणीतरी पॉट बदललेला आहे आणि कोडची साक्ष तिथेच संपते.

दुरुस्तीत बेस फारसा त्रास देत नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहावी, ती ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असली की पुरे. ही फट कमी-जास्त करणाऱ्या ट्रस रॉडचा नट जुन्या फेंडरमध्ये नेकच्या खालच्या टोकाशी असल्यामुळे तो फिरवायला पुष्कळदा नेकच उतरवावा लागतो, आणि शिक्का आयताच वाचून होतो. पिकअप मुका असेल तर मल्टिमीटर लावावा: जॅझचा पिकअप साधारण सात-आठ किलोओम दाखवतो, प्रिसिजनचा दहा-बाराच्या घरात. काहीच न दाखवणाऱ्या पिकअपची तार तुटलेली असते. तो फेकण्यापेक्षा पुन्हा गुंडाळून घेणे केव्हाही चांगले. सुधारणा करायची तर ब्रिज बदलावा, तोही जुन्याच भोकांत बसणारा. बॅटरीवरच्या प्रीॲम्पसाठी बॉडी कोरणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा आहे. कोरलेले लाकूड भरून येत नाही.

ॲम्पची गोष्ट वेगळी, आणि जास्त रंजक. एव्हरेट हल हे स्वतः डबल बेस वाजवणारे. त्यांनी त्या अजस्र वाद्याच्या तळाच्या खुंटीत मायक्रोफोन बसवला आणि १९४६ मध्ये स्टॅन्ली मायकेल यांच्यासह धंदा सुरू केला. या खुंटीवरून ‘ॲम्पेग’ हे नाव पडले. १९५६ मध्ये जेस ऑलिव्हर त्यांच्याकडे आले आणि १९६० मध्ये त्यांच्या कल्पनेतून बी-१५ पोर्टाफ्लेक्स निघाला. त्याचे चॅसिस पेटीच्या झाकणालाच जोडलेले. प्रवासात झाकण उलटे करून व्हॉल्व्ह पेटीत लपवायचे, वाजवताना सुलटे करून वर मांडायचे. हल यांना स्वच्छ आवाज हवा होता. फाटलेला आवाज आणि रॉक अँड रोल या दोन्हींचा त्यांना तिटकारा. तरीही पंचवीस-तीस वॅटचा हा ॲम्प जोरात वाजवला की हलकासा फाटे, आणि पुढच्या पिढीला तेच आवडले. १९६६ मध्ये ऑलिव्हर कंपनी सोडून गेले, १९६७ मध्ये हल यांनी ती युनिम्युझिकला विकली आणि १९६९ मध्ये त्याच नावाखाली तीनशे वॅटचा एसव्हीटी आला, रॉकच्या भल्यामोठ्या सभागृहांसाठी. ‘मोटाउनचा आवाज’ म्हणून बी-१५ विकणाऱ्यांना सांगायला हवे, की मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन तो क्लबांत वापरत. स्टुडिओत त्यांचा बेस बहुतेक वेळा थेट कन्सोललाच जोडलेला असे.

बी-१५ पारखताना स्पीकरच्या चौकटीवरही तोच कोड शोधावा: १३७ सीटीएस, २२० जेन्सन. जुन्या स्पीकरांवर वर्षाचा एकच आकडा असतो, म्हणून दशक मॉडेलवरून ठरवावे. मग झाकणाच्या कडेची गॅस्केट आणि खिट्ट्या पाहाव्यात. पेटीतून हवा गळत असेल तर खालचे स्वर पोकळ होतात आणि खापर विनाकारण व्हॉल्व्हवर फुटते. दाराच्या फटीला लावतात तसली फोमची पट्टी पुष्कळदा पुरते.

मूळपणाचा हट्ट इथे मात्र सोडायलाच हवा. त्या काळातल्या अनेक अमेरिकन ॲम्पना दोन पिनांची वायर असे आणि मेन्सच्या एका तारेपासून चॅसिसपर्यंत एक कॅपॅसिटर. तो शॉर्ट झाला की चॅसिस, त्याला जोडलेली बेसची तार आणि तारेवरचा हात, सगळ्यांत मेन्सचा दाब. तो कॅपॅसिटर काढावा आणि अर्थिंगसह तीन पिनांची वायर लावावी. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर कालांतराने सुकतात. तेही सरसकट बदलावेत. प्लग काढल्यावरही त्यांत चारशेच्या वर व्होल्ट उरू शकतात, म्हणून हात घालण्याआधी रेझिस्टरमधून ते रिकामे करावेत. बंद पडून राहिलेला ॲम्प पहिल्यांदा चालू करताना मध्ये सिरीजचा बल्ब ठेवावा: बल्ब प्रखर पेटत राहिला, तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालवू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तोच सर्वांत महाग सुटा भाग.

भारतात आणलेल्या ॲम्पची आणखी एक मेख आहे. तो ११७ व्होल्टचा, आपली वीज २३० ची, म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आलाच. त्याची क्षमता ॲम्पच्या गरजेच्या दुपटीने तरी घ्यावी. शिवाय अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि इथली ५० ची असल्याने ॲम्पचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर तिकडच्यापेक्षा जास्त तापतो. तास-दोन तासांनी त्याच्यावर हात टेकवत नसेल, तर इथल्या विजेसाठी गुंडाळलेला नवा ट्रान्सफॉर्मर बसवून मूळचा जपून ठेवावा.