म्यानमारमधील उलथापालथ आणि भारताची भूमिका

भारत आणि म्यानमार यांची सीमा सुमारे १६४३ किलोमीटर लांबीची असून मिझोराम, मणिपूर, नागालँड व अरुणाचल प्रदेश ही राज्ये तिला लागून आहेत. त्या देशात उठाव झाला की दिल्लीपुढे जुनाच प्रश्न उभा राहतो : लोकशाहीवाद्यांच्या पाठीशी राहावे की सत्ताधारी सेनाधिकाऱ्यांशी जुळवून घ्यावे?

१९८८ च्या जनआंदोलनाच्या वेळी भारताने उघडपणे आंदोलकांची बाजू घेतली. दिल्लीच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या आंग सान सू ची यांना पुढे १९९३ चा नेहरू पुरस्कारही देण्यात आला. परंतु ईशान्येतील बंडखोरांचे तळ सीमेपलीकडील जंगलांत होते आणि चीनचा प्रभावही तेथे वाढत होता. त्यामुळे त्याच दशकात धोरण पालटले. सप्टेंबर २००७ मध्ये बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले असताना आपले तत्कालीन पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, नैसर्गिक वायूच्या शोधाचे करार करण्यासाठी त्याच देशात होते. योगायोगच म्हणा, पण बोलका!

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता बळकावली. २७ मार्च रोजी सेनादिनाच्या संचलनास भारतीय दूतावासाचा लष्करी प्रतिनिधी हजर राहिला. त्याच दिवशी शंभराहून अधिक नागरिक सैन्याच्या गोळीबारात ठार झाले. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील ठरावावर भारत तटस्थ राहिला. केंद्राने तर निर्वासितांना रोखण्याची सूचना मार्चमध्येच सीमावर्ती राज्यांना दिली होती.

मिझोरामने ती मानली नाही. पलीकडून येणारे चिन लोक हे मिझोंचे भाऊबंद, आणि बहुसंख्य ख्रिस्ती. त्यांना परत पाठविणे मिझोरामला मान्य नाही, असे तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्राने कळविले. चर्च व गावोगावच्या संघटनांनी हजारो कुटुंबांच्या अन्ननिवाऱ्याची सोय केली.

दिल्लीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सीमा सांभाळावयाची तर पलीकडे कोणाशी तरी बोलावेच लागते. मात्र ज्यांच्याशी बोलणी चालली त्यांच्या हाती सीमा उरली आहे काय, हा खरा प्रश्न आहे. सित्वे बंदरातून कलादान नदीमार्गे मिझोरामला जोडणाऱ्या प्रकल्पाचा करार भारताने २००८ साली सेनाधिकाऱ्यांशी केला. त्याच मार्गावरील पलेत्वा हे गाव जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मी या बंडखोर संघटनेने जिंकून घेतले.