अधिभार आमचा, खर्चही आमच्याच हातून?

औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांवरचा वीज विक्री कर वाढवायचा आणि तो पैसा सौर कृषिपंपांकडे वळवायचा, हा राज्य मंत्रिमंडळाचा ऑक्टोबर २०२५ मधला निर्णय आता सर्वांना ठाऊक आहे. वाढ युनिटमागे सुमारे दहा पैशांची. वर्षाला एक कोटी युनिट जाळणाऱ्या कारखान्यासाठी हे दहा लाख रुपये होतात. चर्चा फिरते ती दराभोवती: महाराष्ट्रातली औद्योगिक वीज किती महाग आणि शेजारच्या राज्यात किती स्वस्त. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने गोळा केलेला पैसा खर्च कुणी करायचा? सरकारने, वीज कंपनीने, की ज्याच्याकडून तो घेतला त्या कारखान्यानेच?

अमेरिकेतल्या काही राज्यांनी हा तिसरा रस्ता वापरून पाहिला आहे. त्यातला सर्वांत विचारपूर्वक आखलेला प्रयोग ओरेगॉनचा. १९९९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला आणि मार्च २००२ पासून पोर्टलँड जनरल इलेक्ट्रिक आणि पॅसिफिक पॉवर या दोन मोठ्या वीज कंपन्यांच्या ग्राहकांच्या बिलावर ३ टक्के आकार लागू झाला. या पैशाची वाटणी कायद्यातच लिहून ठेवली होती. ५६.७ टक्के ऊर्जाबचतीला, १७.१ टक्के नव्या अक्षय ऊर्जेला, १० टक्के शाळांना, ११.७ टक्के गरिबांच्या घरांतली ऊर्जागळती थांबवायला आणि उरलेले ४.५ टक्के गरिबांच्या गृहनिर्माणाला. बचत आणि अक्षय ऊर्जेचा पैसा प्रामुख्याने ‘एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगॉन’ ही खास त्यासाठी उभी राहिलेली ना-नफा संस्था खर्च करणार होती. पुढे २०२१ च्या कायद्याने ही रचना बदलली, पण त्याआधीच्या जवळपास दोन दशकांचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

याच कायद्यात मोठ्या ग्राहकांसाठी एक दार उघडे ठेवले होते. एखाद्या जागेचा वापर वर्षभराच्या सरासरीने एक मेगावॉटच्या वर, म्हणजे ८७.६ लाख युनिटच्या वर असेल, तर त्या ग्राहकाने बचत आणि अक्षय ऊर्जेचा आपला वाटा स्वतःच खर्च करावा. प्रकल्प आधी राज्याच्या ऊर्जा विभागाकडे नोंदवायचा, मंजुरी घ्यायची, आपल्या खिशातून पैसे घालून तो उभा करायचा आणि मग तो खर्च दरमहाच्या आकारातून वळता करून घ्यायचा. शाळांचा आणि गरिबांचा वाटा मात्र त्यांनाही चुकला नाही. तो सर्वांसारखाच भरायचा. या एका तरतुदीसाठी मला ओरेगॉनचा कायदा अतिशय आवडतो. कारखान्याला आपल्या यंत्रांविषयी जास्त कळते हे त्याने मान्य केले, पण तेवढ्यावरून गरिबाच्या घराचा निर्णय कारखान्याकडे दिला नाही.

कारखान्याला जास्त कळते, हा दावा खरा आहे का? बऱ्याच अंशी आहे. वीज कंपन्यांच्या बचत योजना ठोक असतात: दिवे बदला, पंखे बदला, एसी बदला, अनुदान घ्या. कागद गिरणीत किंवा ओतकामाच्या भट्टीत वीज जाते ती भलतीकडेच. दाबाच्या हवेचे उदाहरण घ्या. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो आणि पाइपच्या सांध्यांतून, झिजलेल्या व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसत बाहेर जात राहते. शिफ्ट सुटल्यावर शांत शेडमध्ये कान देऊन फिरणाऱ्या फिटरला ती ऐकू येते, अनुदानाचा अर्ज तपासणाऱ्याला नाही. मोठ्या पंख्यांचे आणि पंपांचेही तसेच. डँपर अर्धा मिटून हवा अडवण्याऐवजी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवून पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण कुठल्या पंख्याचा वेग कधी उतरवता येईल आणि कधी उतरवला की अख्खा माल बिघडेल, हे त्या प्लँटच्या माणसांनाच ठाऊक. भट्टीच्या धुराड्यातून जाणारी उष्णता पुन्हा वापरायची तर आखणी वर्षाअखेरच्या देखभाल-बंदशी जुळवावी लागते. सरकारी योजनेची मुदत ३१ मार्चला संपते, भट्टी काही ३१ मार्च पाहून बंद करता येत नाही.

इथवर मी उद्योगांच्या बाजूने आहे. इथून पुढे मात्र मोजमापाचा प्रश्न येतो आणि सगळी योजना त्याच्यावरच तरते किंवा बुडते. कारखान्याने दाखवलेला प्रकल्प त्याने अधिभार नसता तरीही केलाच असता का? जुना कॉम्प्रेसर मोडायलाच आला होता, नवा घेणे भागच होते आणि त्याचे बिल ‘ऊर्जाबचत’ म्हणून अधिभारातून वळते करून घेतले, तर समाजाच्या पदरात काय पडले? काहीच नाही. उलट सामायिक निधीतून तेवढी रक्कम गेली.

‘अमेरिकन कौन्सिल फॉर अॅन एनर्जी-एफिशियंट इकॉनॉमी’ या संस्थेसाठी अॅना चिटम यांनी २०११ मध्ये ‘फॉलो द लीडर्स’ हा अहवाल लिहिला, तो नेमका अशाच योजनांवर. या विषयावर इतके नेमके बोट ठेवणारा दस्तऐवज माझ्या पाहण्यात दुसरा नाही. एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात, हे त्यांनी राज्यागणिक दाखवले. कुठे प्रकल्पाआधीचा आणि नंतरचा वापर मोजला जातो, तपासनीस जागेवर येतो, बचत राज्याच्या हिशेबात धरली जाते. तर कुठे कंपनीने एक पत्र दिले की पुरते, पुढे कुणी विचारत नाही. अशा ठिकाणी नाव ‘स्वतः खर्च करा’ असे असले, तरी प्रत्यक्षात ती पैसे न भरण्याची सवलत असते.

सवलतीची ही वाट कुठे जाते, ते इंडियानात दिसले. २०१४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने एक मेगावॉटवरच्या ग्राहकांना बचत योजनांतून सरळ बाहेर पडायची मुभा दिली आणि त्याच कायद्याने ‘एनर्जायझिंग इंडियाना’ हा राज्यभराचा बचत कार्यक्रमही गुंडाळला. तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी त्यावर सही केली नाही, पण नकाराधिकारही वापरला नाही. विधेयक सहीविनाच कायदा झाले. बाहेर पडणाऱ्याने त्या पैशातून स्वतः काही करून दाखवावे, ही अपेक्षाच त्यात नव्हती.

व्हरमाँटने नेमकी ही फट बुजवली. एसेक्स जंक्शनचा आयबीएमचा चिप कारखाना, जो २०१५ पासून ग्लोबलफाउंड्रीजकडे आहे, हा त्या छोट्या राज्यातला विजेचा सर्वांत मोठा ग्राहक. वर्षाला १५ लाख डॉलरहून जास्त ऊर्जाबचत आकार भरणाऱ्यांसाठीच तिथे स्वव्यवस्थापनाची मुभा ठेवली गेली. त्या बदल्यात कंपनीने वर्षाला सरासरी किमान १० लाख डॉलर ऊर्जाबचतीत घालण्याची हमी द्यायची होती. मुभा आणि हमी एकाच कागदावर.

आपल्याकडे या मागणीला आणखी एक धार आहे. सरकारने असा पैसा कसा वापरला, याची आठवण ताजी आहे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यासाठी काढलेल्या राष्ट्रीय निधीत पोचले २९,६४५ कोटी आणि प्रकल्पांवर लागले १५,९११ कोटी. शंभरातले अठरा. जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरही थांबून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. ज्या उद्योगाने हे डोळ्यांनी पाहिले, त्याने ‘आमचे दहा पैसे आम्हालाच खर्च करू द्या’ असे म्हटले, तर त्याला स्वार्थी म्हणून गप्प करता येणार नाही.

पण कंपन्यांना त्यांच्या वाट्याचा पैसा स्वतः खर्च करू देण्याचाही अनुभव आपल्यापाशी आहेच. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५, म्हणजे नफ्याच्या २ टक्क्यांचे सीएसआर. सुरुवातीची काही वर्षे खर्च झाला नाही तर अहवालात कारण लिहिणे पुरेसे होते. न वापरलेला पैसा ठरल्या मुदतीत ठरल्या निधीत टाकण्याची सक्ती आली २०२१ मध्ये. हा पैसा गेला कुठे? जिथे कंपन्यांची मुख्यालये आणि कारखाने, तिकडे. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर राहिला, ईशान्येच्या वाट्याला फार थोडे आले. खर्चाची दिशा खर्च करणाऱ्याच्या दारातूनच ठरते. चाकण-तळोज्याच्या कंपनीला मुभा दिली, तर सौर पॅनेल चाकण-तळोज्याच्याच छतावर बसतील. बीड-जालन्याचा शेतकरी रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला काळोखात शिवारात जातच राहील आणि जुन्नरचा बिबट्याच्या धाकात. त्याला दिवसाची वीज मिळावी म्हणून काढलेल्या पैशाला कारखान्याच्या छताचा पर्याय लावू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ओरेगॉनने शाळांचा वाटा राखला, तसा आपण पंपाचा वाटा राखला पाहिजे.

उरलेल्या भागात मात्र मुभा जरूर द्यावी, कारण मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. ‘पॅट’ योजनेच्या २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ उद्योगांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये दिली होती. ६.६९ दशलक्ष टन तेलाइतक्या ऊर्जेचे लक्ष्य होते, बचत झाली ८.६७ दशलक्ष टनांची. आधीचा वापर ठरवणे, नंतरचा तपासणे, मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाची सही घेणे, हे आपल्या मोठ्या कारखान्यांना नवे नाही. त्याच शिस्तीने आधी नोंदणी, मग खर्च, मग वळती आणि तीन वर्षांत न वापरलेली रक्कम आपोआप सामायिक निधीत परत, एवढे नियमात लिहिले तर माझा विरोध नाही.

एक चिंता मात्र उरतेच. कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात लहान फौंड्रीवाले आहेत. इंडक्शन भट्टीचे बिल त्यांच्या पोटात गोळा आणते. अधिभार त्यांनाही युनिटमागे तेवढाच, पण ८७ लाख युनिटसारखी रेषा आखली तर त्यातले बरेच जण तिच्याखाली राहतील. त्यांच्याकडे एनर्जी मॅनेजर नाही, ऑडिटची फी परवडत नाही आणि नव्या भट्टीचे कर्ज देताना बँक आधी तारण विचारते. सामायिक निधीतून मदत लागते ती खरी यांना. मोठे ग्राहक आपला वाटा घेऊन बाजूला झाले की त्या निधीत किती उरेल, हा आकडा मुभेचा पहिला मसुदा निघेल तेव्हा त्याच कागदावर छापलेला असायला हवा.