नोडवरील अधिकार

शहराच्या पाणीपुरवठ्याचे जाळे आखणाऱ्या अभियंत्यापुढे दोन भिन्न जातींचे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. कारण नळाचा व्यास बाजारात मिळणाऱ्या मोजक्या मापांतूनच निवडावा लागतो, आणि नळातून वाहताना पाण्याचा जो दाब खर्ची पडतो तो हेझेन-विल्यम्स सूत्राप्रमाणे प्रवाहाच्या १.८५२ व्या घातानुसार वाढत असल्याने सरळ रेषेच्या गणितात मावत नाही. अवघे ५० नळ आणि प्रत्येकी दोनच मापे घेतली, तरी पर्यायांची संख्या ११ कोटी कोटींच्या वर जाते.

या अरण्यातून वाट काढण्याची पद्धत एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील दोन विदुषींनी १९६० साली प्रसिद्ध केली. मापांची अट तात्पुरती शिथिल करून प्रश्न सोडवावा, ज्या नळाचा व्यास दोन मापांच्या मध्ये पडेल तेथे दोन शाखा फोडाव्यात, आणि ज्या शाखेचा किमान खर्चच हाती असलेल्या उत्तराहून अधिक ठरेल ती तेथेच छाटावी, हे तिचे सार. शाखा फुटण्याच्या प्रत्येक स्थानास नोड म्हणतात.

हे काम करणाऱ्या सॉल्व्हर या संगणक-प्रणालीला त्या शहराची माहिती नसते. ती अभियंत्याला असते, आणि ती शोधात वापरण्याची वाट म्हणजे कॉलबॅक. कॉलबॅक म्हणजे त्याने स्वतः लिहून सॉल्व्हरच्या स्वाधीन केलेले फंक्शन. एखाद्या कचेरीने प्रत्येक प्रकरण निकालापूर्वी वरिष्ठांच्या नजरेखालून घालावे, त्याप्रमाणे सॉल्व्हर ठरलेल्या टप्प्यावर ते हाक मारून चालवतो. नायट्रो या सॉल्व्हरमध्ये नोडचे काम आटोपताच अशी इत्तला मिळते, आणि उत्तर पुरेसे चांगले वाटल्यास शोध तेथेच बरखास्त करता येतो. बर्लिनच्या त्सुझे संस्थेत घडलेल्या स्किपमध्ये तर पुढचा नोड कोणता घ्यावा आणि शाखा कोठे फोडावी, याचाही अंमल वापरकर्त्याकडे येऊ शकतो.

परंतु अरेषीय प्रश्नात या अधिकाराला मोठी जोखीम चिकटलेली आहे. प्रश्न बहिर्वक्र नसेल, तर नोडवर हाती आलेले किमान मूल्य एखाद्या लहानशा खळग्याचा तळ असू शकते, खऱ्या दरीचा नव्हे. आणि त्यालाच शाखेच्या किमान खर्चाची सीमा मानून शाखा छाटली, तर सर्वोत्तम उत्तर तिच्याबरोबर कायमचे जाते, आणि सॉल्व्हर मात्र निर्धास्तपणे ‘इष्टतम’ असा शेरा मारून मोकळा होतो. बोलोन्या विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह फोसोलो, पेस्कारा व मोदेना येथील जलजाळ्यांसाठी बोनमिन हा सॉल्व्हर वापरला, तेव्हा त्याच्या अंतरंगात फेरफारही केले : शोधासाठी खर्चाची गुळगुळीत वक्ररेषा वापरली, पण प्रमाण मापांचे उत्तर सापडताच त्याचा निवाडा नळांच्या प्रत्यक्ष किमतीने केला. व्यवहारज्ञान आणि गणित यांची याहून समंजस सांगड मला माहीत नाही.

यास्तव हे साधन हाती घेणाऱ्यास आग्रहाची विनंती अशी की, पहिला कॉलबॅक केवळ निरीक्षणासाठी लिहावा, आणि शाखा छाटण्याचा हुकूम देण्यापूर्वी आपल्या सीमेची सिद्धता कागदावर मांडून पाहावी. कारण ती सिद्धता सॉल्व्हर आपल्यासाठी करीत नाही.