बेगमी

मृग लागायच्या आत उत्रोलीत घरोघरी एकच लगबग असते. लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणी माळ्यावर चढवायच्या, तांदूळ-कडधान्य आणि सुके बोंबील डब्यांत बंद करायचे, गुरांसाठी पेंढ्याची गंज झाकून ठेवायची. भोरच्या या पट्ट्यात पावसानं एकदा धरलं की दिवसचे दिवस उघडीप नसते. मग उपयोगी पडते ती आधी केलेली बेगमी. दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीबद्दल वाचत गेलो, तसा हा घरचा शब्द मनातून हलेना. त्या शर्यतीत धाडस सगळ्यांकडेच होतं. निकाल लावला तो बेगमीनं.

शर्यतीची सुरुवात मात्र उत्तरेकडून झाली. सप्टेंबर 1909 मध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतरानं दोन अमेरिकनांनी उत्तर ध्रुव गाठल्याचं जाहीर केलं. फ्रेडरिक कुक म्हणाला, एप्रिल 1908 मध्येच मी तिथे होतो. रॉबर्ट पिअरी म्हणाला, पहिला मीच, 6 एप्रिल 1909 रोजी. पिअरीच्या शेवटच्या टप्प्यात सोबत होते मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय सहकारी आणि चार इनुइट. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. दोघांच्याही दाव्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण त्या बातमीनं नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनचा बेत बदलला. उत्तरेला जातो म्हणून त्यानं पैसा आणि ‘फ्राम’ हे जहाज मिळवलं होतं. आता त्यानं गुपचूप दक्षिणेचा रस्ता धरला. दक्षिण ध्रुवासाठीच निघालेला इंग्रज कप्तान रॉबर्ट स्कॉट मेलबर्नला पोचला, तेव्हा त्याच्या हाती अमुंडसेनची तार पडली: आपण अंटार्क्टिकाकडे निघालो आहोत.

अमुंडसेन 1903 ते 1905 या काळात उत्तर कॅनडातल्या नेटसिलिक इनुइटांच्या शेजारी राहिला होता. कातड्याचे सैल कपडे कसे घालायचे, कुत्र्यांच्या गाड्या कशा हाकायच्या, हे तो त्यांच्याकडून शिकला. त्यानं 80, 81 आणि 82 अक्षांशांवर अन्नाचे साठे पुरले. धुक्यात साठा हुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना दूरवर आडव्या रांगेत झेंडे रोवले. रॉकेलचे डबे झाळून घेतले. 14 डिसेंबर 1911 रोजी तो चार साथीदारांसह ध्रुवावर पोचला आणि सगळे सुखरूप परतले.

तो काही संत नव्हता. सप्टेंबरात घाईनं निघून थंडीमुळे त्याला परतावं लागलं होतं, आणि त्या परतीत त्यानं मागच्या सोबत्यांची वाटही पाहिली नाही. यलमार योहान्सननं ते सर्वांसमोर बोलून दाखवलं. योहान्सन साधा गडी नव्हता. नॉर्वेच्याच नान्सेनसोबत 1895 मध्ये उत्तरेला 86 अक्षांशापलीकडे जाऊन आलेला मुरलेला माणूस. पण अमुंडसेननं त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकलं. 1913 च्या जानेवारीत योहान्सननं स्वतःला गोळी घालून घेतली. जिंकलेल्या शर्यतीचाही हिशेब असा चुकता होतो.

स्कॉटच्या तुकडीत कॅप्टन लॉरेन्स ओट्स होता. तो आला होता महूच्या छावणीतून. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थान म्हणून मराठी माणसाला महू ठाऊक आहेच. ओट्सची पलटण तिथे होती आणि घोड्यांची पारख हा त्याचा हातखंडा. स्कॉटनं त्याला तट्टं सांभाळायला घेतलं, पण ती खरेदी त्याच्या नजरेखालून झाली नव्हती. तट्टं पाहून तो वैतागला.

1911 च्या फेब्रुवारीत मुख्य साठा 80 अक्षांशावर ठेवायचा बेत होता. तट्टं थकली. ओट्सचं म्हणणं, अशक्त जनावरं मारा आणि पुढे चला. स्कॉटला ते बघवेना. साठा 79 अंश 29 मिनिटांवर, म्हणजे ठरल्या जागेच्या सुमारे 57 किलोमीटर अलीकडे पुरला गेला. पुढच्या वर्षी 17 जानेवारीला स्कॉट ध्रुवावर पोचला, तो नॉर्वेचा तंबू पाहण्यासाठी. परतीत त्याच्या चार सोबत्यांपैकी आधी एव्हान्स गेला. मग पाय गोठलेला ओट्स, आपल्यामुळे इतरांना उशीर नको म्हणून, वादळात तंबूबाहेर चालता झाला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचा शेवटचा तंबू पडला तो साठ्यापासून सुमारे 20 किलोमीटरवर. एवढं अंतर आमच्याकडची माणसं बाजाराला चालत गेलेली आहेत. 80 अक्षांशाची रेघ त्यांनी केव्हाच ओलांडली होती. साठा ठरल्या जागी असता, तर ते त्याच्यापर्यंत पोचले असते.

तंबू सापडला 12 नोव्हेंबर 1912 रोजी. शोध घेणाऱ्यांबरोबर हिंदुस्थानातून आणलेली खेचरं होती. त्यांची नावं वाचून मी थबकलो: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहेब. पृथ्वीच्या त्या टोकाला आपल्या ओळखीच्या नावांनी कोणी कोणाला हाका मारत होतं.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो अर्नेस्ट शॅकल्टन. स्कॉटनं आपल्या आधीच्या मोहिमेतून 1903 मध्ये त्याला आजारी ठरवून घरी धाडलं होतं. तो सल त्याच्या मनात राहिला. 9 जानेवारी 1909 रोजी तो तीन साथीदारांसह ध्रुवापासून सुमारे 180 किलोमीटरवर होता. पुढे गेलो तर पोचू, पण परतीचं अन्न पुरणार नाही, हे त्यानं ओळखलं आणि तोंड फिरवलं. चौघेही जिवंत परतले. आमच्या जवळचा रोहिडा किल्ला 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत घेतला गेला. मागे सरकणाऱ्याला पुढचा डाव उरतो, हे या डोंगरांना नवीन नाही.

योगायोग पाहा. त्याच 9 जानेवारीला, 1982 मध्ये, पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकावर उतरली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जण 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाले होते. तोवर शर्यतीचे नियमच पालटले होते. 1959 च्या अंटार्क्टिक करारानं तो खंड शांततेच्या आणि विज्ञानाच्या कामासाठी राखला गेला होता. भारत 1983 मध्ये त्या करारात सामील झाला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत आदिती पंत होत्या. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ. वडील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातले. भोरची गादी पंतसचिवांची, औंधची पंतप्रतिनिधींची. म्हणून भोरच्या माणसाला हे नाव परकं वाटत नाही. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. पंत यांचा विषय होता तिथल्या समुद्रातली अन्नसाखळी. झेंडा आधी कोणी रोवला, या प्रश्नाला तिथे काही अर्थच नव्हता.

त्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं पहिलं केंद्र उभं राहिलं आणि 12 जण हिवाळाभर तिथे राहिले. सूर्य दिसत नाही, जहाज येत नाही, असे ते महिने. तिथे फक्त बेगमीच माणसाला तारते.

शर्यत जिंकणाऱ्या अमुंडसेनची गोष्ट मात्र कधीच, 1928 च्या जूनमध्ये, संपली होती. एके काळचा सहकारी आणि नंतरचा वैरी, इटलीचा उंबेर्तो नोबिले, उत्तरेच्या बर्फात अडकला होता. त्याला शोधायला अमुंडसेन विमानानं निघाला आणि परतला नाही. नोबिले वाचला.

दक्षिण गंगोत्री हळूहळू बर्फाखाली गेली आणि 1990 मध्ये केंद्र म्हणून बंद झाली. ‘मैत्री’ हे नवं केंद्र तोवर उभं राहिलं होतं. जुन्या वास्तूचा उपयोग पुढे सामान साठवायला झाला. देशाचं अंटार्क्टिकावरचं पहिलं घर शेवटी पुढच्यांसाठी कोठीची खोली झालं. उत्रोलीतल्या कोणत्याही म्हातारीला यात उणेपणा वाटणार नाही. घरात सगळ्यात जपतात ती खोली तीच.